पडद्यावरचा हात

दिनानाथ घरताचा डावा हात म्हणजे गिअरचा हात. उरणच्या बंदरातून कंटेनर घेऊन निघालेला ट्रेलर करळ फाट्याला वळवायचा, पुढे पनवेल, पुढे घाट. या सगळ्या वाटेवर स्टिअरिंगवर उजवा हात असला तरी गाडी खरी चालवायचा तो डावा. पंचवीसएक वर्षं त्या हाताने कधी कुरकुर केली नव्हती. गेल्या दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी चहाचा कप उचलायला गेलेला तो हात कपापर्यंत पोचलाच नाही. कप जागच्या जागी राहिला, हात टेबलाच्या कडेवर पडला आणि दिनानाथच्या तोंडून शब्द वाकडे येऊ लागले. सुचिता, त्याची बायको, डोकं शांत ठेवणारी बाई. तिने रिक्षाची वाट न बघता शेजाऱ्याची गाडी काढायला लावली, म्हणून दवाखाना वेळेत गाठता आला.

अर्धांगाचा झटका होता. महिन्याभरात जीभ सुटली. मग पाय आला. थोडा ओढत, पण काठीशिवाय तो फाटकापर्यंत जाऊन येऊ लागला. हात तेवढा मागे राहिला. उचलला तर उठायचा, खांद्यापर्यंत यायचा, बोटंही मिटायची, पण सगळं कुणाची तरी परवानगी घेऊन केल्यासारखं. मोठी गाडी आता चालवायची नाही हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, आणि ते दिनानाथने खाली मान घालून ऐकून घेतलं होतं. ट्रेलर दुसऱ्याच्या हाती देऊन टाकला होता. त्याचं दुःख एका बाजूला. पण जेवायला बसलं की हा हात मांडीवर निजलेल्या मांजरासारखा पडून राहायचा, ते मात्र त्याला बघवत नसे.

उरणात राही मॅडमचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. मूळच्या पालीच्या, वयाने लहान, बोलायला मोकळ्या. आठवड्यातून दोनदा त्या घरी यायच्या. रबरी चेंडू दाबायचा, कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे, एका वाटीतले वाल एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकायचे, असे व्यायाम त्यांनी लावून दिले. दिनानाथ वाल उचलायचा, पण मास्तरांनी वर्गाबाहेर उभं केल्यासारखं तोंड करून. मॅडमची पाठ वळली की वाटी बाजूला.

हे काही त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. एके दिवशी त्यांनी विचारलं, रिमोट हातात धरून हात हलवला की पडद्यावरचा माणूस तसाच हात हलवतो, असा एक गेम असायचा, तुमच्याकडे कुणाचा आहे का? त्या जिथे शिकल्या तिथे पेशंटना तो खेळायला देत. खेळाच्या नादात माणूस विसरतो की आपण व्यायाम करतोय, आणि त्या नादात हात दहाच्या जागी पन्नास वेळा हलतो.

प्राप्ती, दिनानाथची मुलगी, कंटेनरच्या गोदामाच्या ऑफिसात कामाला होती. त्या दिवशी ती घरीच होती. तिला लगेच आठवलं. तिचा भाऊ प्रज्योत शाळेत असताना मामाने दुबईहून त्याला असा गेम आणून दिला होता. प्रज्योत आता जहाजावर नोकरीला, आणि गेम माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. तिने शिडी लावून पेटी उतरवली. धूळ झटकून वायर लावली तर गेमचा दिवा पेटला.

घरात टीव्ही होता, चांगला मोठा, पण तो ओटीवर. आणि ओटीवर दिवसभर माणसांचा राबता. कुणी प्रकृती विचारायला येई, कुणी सुचिताकडे बचतगटाच्या कामाला, आणि आलेला प्रत्येक जण आधी त्या डाव्या हाताकडे बघे. दिनानाथ म्हणाला, "तिकडं न्हाय. पोरासारका हात हलवताना मना कोन बघायला नको."

तेव्हा प्राप्तीने तिचा मॉनिटर काढला. लॉकडाऊनमध्ये घरून काम करायला घेतलेला, आता आतल्या खोलीत टेबलावर कापड पांघरून ठेवलेला. खोलीला दार होतं, दाराला कडी होती. दिनानाथला तेवढंच हवं होतं.

पण मॉनिटरच्या मागे दोनच भोकं, एक एचडीएमआयचं आणि एक जुन्या कॉम्प्युटरच्या रुंद वायरीचं. आणि गेमच्या वायरीला तीन तोंडं, लाल, पांढरं, पिवळं. ती कशातच जाईनात. प्राप्तीने मोबाइलवर शोधलं तर अशा जोडणीसाठी कन्व्हर्टर मिळतात असं दिसलं, आणि ते इतके की कुठला घ्यावा कळेना. दिवसभराच्या कामाने तिचे डोळे आधीच मिटत होते. सगळ्यात जास्त लोकांनी घेतलेला जो दिसला तो तिने मागवून टाकला. काडेपेटीहून थोडी मोठी काळी डबी आली. एका बाजूने तीन रंगांच्या वायरी आत, दुसऱ्या बाजूने एक वायर मॉनिटरला. चित्र आलं. कडांना जरा धुरकट, पण आलं. मॉनिटरला स्पीकर नव्हता, म्हणून लाल-पांढरी तोंडं काढून प्रज्योतच्या जुन्या स्पीकरना जोडली. मग बापाचा चेहरा म्हणून तिने पडद्यावर एक माणूस तयार केला, टक्कल आणि जाड मिशी लावून. झटक्यानंतर इतक्या दिवसांनी दिनानाथ तोंडभर हसला.

खेळ साधा होता. समोरचा चेंडू टाकणार, आपण बॅटने टोलवायचा. नाव बेसबॉल, पण दिनानाथच्या लेखी ते क्रिकेटच. लग्नाआधी तो गावच्या टीममधून टेनिस बॉलवर ओपनिंगला जायचा. आसपासच्या गावांत त्याचं नाव ताकदीसाठी नव्हतं, टायमिंगसाठी होतं. तेव्हा पडद्यावरचा तो गोल डोक्याचा बॉलर बघून त्याला वाटलं, याला तर आपण खाटेवर बसूनही मारू.

रिमोट डाव्या मनगटाला पट्ट्याने बांधला. चेंडू आला, हात फिरवला, आणि बॅट फिरली तेव्हा चेंडू कधीच मागे गेलेला होता. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. राही मॅडम म्हणाल्या की सुरुवात आहे, हाताला वेळ द्या. दिनानाथने दिला. रोज सकाळ-संध्याकाळ दार लावून घेऊन तो पडद्यासमोर उभा राहू लागला. दोन आठवडे झाले, चेंडू काही लागेना. मग तो चेंडू सुटायच्या आधीच हात फिरवू लागला. तसा अंदाजाने एखादा लागायचाही, पण अंधारात दगड भिरकावल्यासारखा. त्यात सुख नव्हतं.

हळूहळू त्याच्या मनाने एक गोष्ट धरली. डॉक्टरांनी एकदा कागदावर डोक्याचं चित्र काढून दाखवलं होतं की हाताला हुकूम या वाटेने जातो आणि तुमची वाट इथे बंद पडली आहे. नवीन वाट तयार होईल, धीर धरा. दिनानाथला वाटू लागलं, वाट झाली असेल, पण लांबची झाली. हुकूम निघतो, वळसे घेत घेत जातो, आणि हातापर्यंत पोचतो तेव्हा काम उरकलेलं असतं. हात हलला तरी आता तो असाच हलणार, सगळं होऊन गेल्यावर. त्याने खेळणं बंद केलं. गुडघा दुखतो म्हणाला. मग वालाची वाटीही बंद झाली. सुचिता वाटी आणून त्याच्या पुढ्यात ठेवी आणि तासाभराने तशीच उचलून नेई. मग स्वयंपाकघरातली भांडी जरा जोरात वाजत.

असेच काही दिवस गेले. एका दुपारी सुचिता बचतगटाच्या बैठकीला गेली होती, प्राप्ती ऑफिसला. घर रिकामं. दिनानाथ आतल्या खोलीत गेला आणि त्याने गेम चालू केला. कशासाठी ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. रागच म्हणायचा. डावा तर गेला, निदान उजव्या हाताने चार फटके मारावेत, त्या गोल डोक्याच्या बॉलरला कळू दे कोण आहे समोर, असं काहीतरी. त्याने रिमोट उजव्या हातात घेतला.

पहिला चेंडू गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला तो नीट डोळे रोखून उभा राहिला, चेंडू बॉलरच्या हातून सुटलेला पाहिला, बरोबर वेळेला हात फिरवला, आणि तोही गेला.

दिनानाथ रिमोट धरून तसाच उभा राहिला. हा हात रोज दाढी करत होता, सही करत होता, पडणारा पेला हवेत झेलत होता. या हाताला काही झालेलं नव्हतं. मग हा का उशिरा?

त्याने चेंडूकडे बघणं सोडलं. रिमोट नुसता हातात धरला आणि हळूच एकदा डावीकडे कलवला. पडद्यावरच्या मिशीवाल्याने बॅट कलवली, पण नंतर. पुन्हा कलवला. पुन्हा नंतर. फार नव्हे, पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, पण तेवढा होता, आणि दर वेळी होता. हे त्याच्या ओळखीचं होतं. ट्रेलरचा ब्रेक दाबला की हवा नळीतून मागच्या चाकांपर्यंत जाते आणि मग चाकं धरतात. मधला तो एक क्षण नवीन ड्रायव्हरचा जीव खातो. त्यापेक्षा जास्त उशीर व्हायला लागला तर कुणी ड्रायव्हर आपला पाय तपासून घेत नाही. तो खाली उतरतो आणि नळी बघतो.

त्याने प्राप्तीला ऑफिसात फोन केला नाही. संध्याकाळी ती आली, चप्पल काढत होती, तेव्हा तो ओटीवरच्या खुर्चीतून उठून उभा राहिला.

"प्राप्ती, माजा हात मेलेला न्हाय," तो म्हणाला. "ती डबी मंद हाय."

तिला आधी काही कळलं नाही. त्याने तिला आत नेऊन रिमोट तिच्या हातात दिला. ती पंचविशीतली, हातापायाने धडधाकट. तिचेही पहिले सगळे चेंडू गेले. मग तिला एक युक्ती सुचली. मोबाइल टेबलासमोर असा उभा केला की बापाचा हात आणि पडदा दोन्ही दिसावेत, आणि हळू चालणारा व्हिडिओ काढला. दोघं पलंगावर बसून तो बघू लागले. व्हिडिओत दिनानाथचा उजवा हात फिरला, पूर्ण फिरून खांद्यापाशी थांबला, आणि मग कुठे पडद्यावरची बॅट जागची हलली. मग डाव्या हाताचा व्हिडिओ काढला. डावा सावकाश होता, कापत होता, पण चेंडू सुटताच निघाला होता.

प्राप्तीचा चेहरा पडला. ती म्हणाली की तिने घाईत मिळेल तो घेतला, वाचलंसुद्धा नाही, आणि बाबा इतके दिवस आत दार लावून स्वतःला दोष देत बसले. तिने ओढणीने डोळे पुसले. दिनानाथने तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. आणि पुन्हा. त्याला त्यात फक्त एकच गोष्ट दिसत होती. हुकूम पोचत होता.

"रडतंस क्याला," तो म्हणाला. "आज मना किती बरं वाटलं, तुला काय सांगू."

आता नवीन कन्व्हर्टर घ्यायचा तो आपण निवडणार, असं दिनानाथने जाहीर केलं. रविवारी बापलेक मोबाइल घेऊन बसले. प्राप्ती वाचून दाखवी, तो ऐके. चांगलं म्हणणाऱ्यांचे अभिप्राय वाचूच नको, म्हणाला. गाडीचा पार्ट घेताना तो ज्याचा पार्ट तुटला त्याला विचारायचा, ज्याचा टिकला त्याला नाही. त्यामुळे त्यांनी तक्रारी तेवढ्या वाचल्या. कुणी लिहिलं होतं, चित्र आडवं ताणलं जातं. कुणी लिहिलं होतं, स्पीकरमधून घरघर येते. आणि अधूनमधून, बटण दाबल्यावर उशीर होतो, अशीही तक्रार होती. ज्या ज्या डबीखाली ही तक्रार दिसली ती दिनानाथने बाद केली. चित्र ताणलेलं चालेल, घरघर चालेल. उशीर चालणार नाही.

प्रज्योतलाही विचारलं. जहाजावर नेटवर्क मिळेल तेव्हा त्याचं उत्तर यायचं. दोन दिवसांनी त्याचा लांबलचक आवाजी निरोप आला, मागे इंजिनाची घरघर. पिवळी वायर चित्र अर्धं अर्धं करून पाठवते, एका वेळी निम्म्या रेघा. टीव्ही जुना असेल तर ते खपून जातं. पण डबीला ते दोन अर्धे भाग जमवायचे, जोडायचे, मोठे करायचे आणि मग पुढे द्यायचे, म्हणून वेळ जातो. पिवळ्या वायरीच्या नादी लागूच नका, कितीही भारी डबी असली तरी. गेमच्या पाठीतच बसणारा एक छोटा प्लग मिळतो. तो गेमकडून चित्र अख्खंच घेतो आणि सरळ एचडीएमआयला देतो. आणखी एक मोठं, शौकिनांचं यंत्र असतं, परदेशातून मागवावं लागतं, फार उत्तम. पण बाबांना त्याची गरज नाही, आणि ते येईपर्यंत थांबायचं कशाला.

प्लग ठरला. पण प्लगही चार-पाच प्रकारचे दिसत होते, आणि एकाच फोटोखाली वेगवेगळी नावं. दिनानाथ म्हणाला, फोटो बघून पार्ट घेत नाहीत. लावून बघायचा, चालवून बघायचा, मग घ्यायचा. प्राप्तीने सांगितलं की उरणच्या बाजारात सदाचं कॉम्प्युटर-मोबाइलचं दुकान आहे, त्याच्याकडे मिळेल, ती विचारून बघेल. तिने विचारलं. सदाकडे दोन प्रकारचे होते, आणि गेम घेऊन आलात तर लावून दाखवतो, असं तो म्हणाला. प्राप्तीला मात्र त्या आठवड्यात सुट्टी मिळणार नव्हती.

झटक्यानंतर दिनानाथ बाजारात गेलेला नव्हता. दवाखान्याला जाताना रिक्षाच्या कडेला अंग चोरून बसायचा, ओळखीचं कुणी दिसलं तर मान फिरवायचा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सुचिताला सांगितलं की पिशवी काढ, आपण जाऊ.

सुचिताने गेम, रिमोट, रिमोट कुठे वळतो ते कळायला पडद्यावर ठेवायची पट्टी, सगळ्या वायरी आणि ती काळी डबीसुद्धा एका पिशवीत भरली. डबी कशाला, त्याने विचारलं. असू दे, ती म्हणाली, उद्या कोण म्हणेल जुनं दाखवा.

सदाचं दुकान अरुंद, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला बाहेर थांबावं लागे. त्याने काउंटरवरचा मॉनिटर वळवून ठेवला. पहिला प्लग लावला तर पडदा काळा. दुसरा लावला, तोही काळा. सदा डोकं खाजवत बसला, मग त्याने विचारलं की गेम कुठून आणलेला. दुबई म्हटल्यावर त्याला अंदाज आला. गेम सेकंदाला पन्नास चित्रांवर लावलेला असेल आणि मॉनिटरला साठ लागत असतील. पण ते बदलायचं तर आधी पडद्यावर काहीतरी दिसायला हवं. सुचिताने पिशवीतून काळी डबी काढून काउंटरवर ठेवली. तिच्यातून धुरकट चित्र आलं, सदाने पन्नासचे साठ केले, डबी काढली, प्लग लावला. पडदा उजळला. चित्र इतकं स्वच्छ की दिनानाथला मिशीवाल्याच्या शर्टाची बटणं पहिल्यांदा दिसली.

"मारून बघा," सदा म्हणाला.

तोवर दुकानाच्या पायरीवर तीन-चार जण जमले होते. कुणी मोबाइलची काच बदलायला आलेलं, कुणी नुसतंच. त्यांत अंबाजी पाटील होता, दिनानाथच्या टीमचा जुना विकेटकीपर. दिनानाथने त्याला पाहिलं आणि त्याचे कान गरम झाले. प्लग चालतो की नाही ते उजव्या हाताने बघून झालं असतं, पिशवी भरून घरी जाता आलं असतं. त्याने रिमोट उजव्या हातात घेतला आणि पहिलाच चेंडू टोलवला. चेंडू लांब गेला. बॅट आणि हात एक झाले होते. काम संपलं होतं.

सुचिता त्याच्याकडे बघत होती. पिशवी तिने अजून उचलली नव्हती.

त्याने रिमोट डाव्या हातात घेतला. पट्टा बांधायला वेळ लागला, कुणी मदतीला पुढे झालं नाही. पहिला चेंडू गेला. पण या वेळी का गेला ते त्याला कळलं. कोपर मागे राहिलं होतं. दुसरा गेला. तिसऱ्याला कोपर आलं, मनगट आलं नाही. चौथ्याला बॅटची कड लागली आणि चेंडू मागे उडाला.

"दिना, कॅच हाय ही," पायरीवरून अंबाजी म्हणाला. "आमच्या टायमाला मी सोडली नसती."

दिनानाथला हसू फुटलं, आणि हसता हसताच त्याने पुढचा चेंडू मारला. तो फार लांब गेला नाही. समोरच्या गड्याच्या डोक्यावरून टप्पा खात गेला, इतकंच. पण तो अंदाजाने लागलेला नव्हता. चेंडू त्याने पाहिला होता, हात तेव्हाच निघाला होता, आणि लागल्याचा ठोका रिमोटमधून तळहातात उतरला होता. तो पुढचे चेंडू मारतच राहिला. शेवटी सदालाच म्हणावं लागलं की काका, दुसरं गिऱ्हाईक आहे.

अंबाजीने त्यांना चहा पाजला. रिक्षा बघतो म्हणाला, पण दिनानाथ म्हणाला, स्टँडपर्यंत चालत जाऊ. वाटेत चौघांनी हाताची चौकशी केली. चौघांनाही त्याने सांगितलं की मंद आहे अजून, पण हलतोय.

यानंतर सगळं झटपट सुधारलं असं काही झालं नाही. हात थकायचा. काही दिवस असे जायचे की पाच चेंडूंपलीकडे खांदा उचलवत नसे, आणि मग तो गुरगुरत पलंगावर पडून राहायचा. पण आता चुकलेला चेंडू त्याचा स्वतःचा होता. कुठे चुकला ते सांगता यायचं, आणि जे सांगता येतं ते उद्या दुरुस्तही करता येतं, हे त्याला रस्त्याने शिकवलेलं होतं. वालाची वाटीही परत आली. मनगट बळकट झालं तर बॅट वळते, म्हणून तो आता वाल उचलायचा, आणि राही मॅडमना सांगायचा की चिमटे घट्ट आणा, हे सैल झालेत. बोरली पंचतनला त्यांचे एक पेशंट होते, त्यांच्या मुलालाही असाच गेम मॉनिटरला जोडायचा होता. मॅडमनी त्याला थेट दिनानाथचा नंबर दिला. दिनानाथने त्याला अर्धा तास समजावलं, मॉनिटरच्या मागच्या भोकांचे फोटो मागवले, आणि पिवळ्या वायरीपासून लांब राहायला बजावलं.

सुचिता खेळायला कधी लागली ते नक्की कुणाला सांगता येणार नाही. आधी ती दारात उभी राहून बघायची. मग एकदा दिनानाथचा हात थकला तेव्हा रिमोट तिच्या हातात आला. बेसबॉल तिला आवडला नाही. त्यात एक बाटल्या पाडायचा खेळ होता, चेंडू घरंगळत सोडायचा आणि समोरच्या बाटल्या आडव्या करायच्या. तो तिला असा काही जमला की दुसऱ्याच दिवशी तिने सगळ्या बाटल्या एका फटक्यात आडव्या केल्या आणि पदराने तोंड पुसून म्हणाली की भाजी करपेल, मी जाते.

त्यानंतर रोज संध्याकाळी एक डाव ठरूनच गेला. तो डाव्या हाताने, ती उजव्या. ती त्याला एकदाही जिंकू देत नसे. झटक्यापासून या घरात त्याच्याशी सगळे जपून बोलत होते. त्याच्या हातातलं ताट काढून घेत, तो मध्येच अडखळला तर वाक्य पुरं करून देत. सुचितासुद्धा. या खेळात मात्र ती पदर खोचून उभी राहायची आणि त्याच्या पाच बाटल्या उभ्या राहिल्या की मोठ्याने मोजायची.

एका संध्याकाळी प्राप्ती ऑफिसातून आली तर आतल्या खोलीत भांडण चाललेलं. दार उघडंच होतं. ओटीवर शेजारची दोन माणसं बसली होती आणि कान देऊन ऐकत होती. दिनानाथचं म्हणणं, सुचिता रेषेच्या पुढे पाय टाकते. सुचिताचं म्हणणं, पडद्यावरच्या खेळात कसली आलीय रेषा, हरलात की तुम्हाला रेषा दिसते. प्राप्तीने निवाडा द्यायला नकार दिला आणि चहा ठेवायला गेली.

"परत मांड," आतून दिनानाथ म्हणाला.

"मना काम हाय," सुचिता म्हणाली. "मासली तशीच पडलीय."

"मासली मी धरतो, तू काप. आदी हा डाव."

मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, आणि सुचिता म्हणाली, "बघा हां, धरायची तर डाव्या हाताने."